तोडणीचा दिवस

कांदा? छे हो, कांदा कसा येईल — परत चोळा, नीट चोळा, तळहात गरम होईपर्यंत, मग नाकाशी धरा. हॉप्सच्या फुलाचा पहिला वास खरा नसतोच. आलं ना आता लिंबू? नाही? मग पोत्याचा असेल. नाहीतर सकाळी काय खाल्लंत तुम्ही? — रागावू नका साहेब, थट्टा केली. ती पलीकडची कडू जात बघा हवी तर, बिअरला कडूपणा आणायला तिच्यासारखी दुसरी नाही. वास हवाय — हो, कळतंय मला, वासासाठीच तर बारा वर्षं इथवर येताय, आमच्या ह्यांचं नाक म्हणजे नाक असं तुम्हीच तर सगळीकडे सांगत सुटता.

उशिरा तोडलाय, बरोबर आहे तुमचं. ही जात पाच-सहा दिवस जास्त राहिली वेलावर, की कांद्याचा वास मारते. तोडायचा दिवस हेच ठरवतात, फूल चोळून — म्हणजे चोळतात हे, आणि मी शेजारी उभी राहून हुंगते, म्हणते, "उद्या घ्यायचं ना हो?" की हे म्हणतात, "उद्याच." दोन वर्षं असंच. यंदा लेकीचं बाळंतपण निघालं, मी दहा दिवस तिकडे — आले तर वेल तसेच लोंबतायत आणि हे आपले रोज फुलं चोळतायत!

काय म्हणालात? नाही, तसं काही नाही. नाक ठीक आहे त्यांचं. — नाही ठीक. दोन वर्षांमागे मोठा ताप आला, त्यात वास गेला तो परत आलाच नाही. दूध करपलं तरी शेजारी बसून पेपर वाचत असतात. मला सांगितलेलं नाही त्यांनी, मीही विचारलेलं नाही. भीती वाटते हो. एकदा चारचौघांत कळलं, तर हा माणूस पुन्हा मळ्यात पाऊल टाकायचा नाही. आणि तुमच्यापुढे बघा कशी बडबडले, जीभ झडो माझी!

ऐका, हा माल नेऊ नका. घ्या म्हणत नाही मी. पुढच्या वर्षी मात्र या — पुढच्या वर्षी मी कुठ्ठे जाणार नाही. आज त्यांना काही सांगू नका, मागाहून फोन करा, गोदामात जागा नाही म्हणा, काहीही म्हणा. टाका ते हातातलं. आणि मागच्या दारानं जा. पुढे ते उभे आहेत, हल्ली वास ते समोरच्याच्या तोंडावरून ओळखतात.