सहा वाजेपर्यंतचा प्रवक्ता

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आणि मागे वही-पेन घेऊन बसलेले माझे जुने पत्रकार मित्र हो,

इतकं कौतुक ऐकल्यावर वाटायला लागलं, हा कोण भला माणूस निवृत्त होतोय? जरा ओळख करून द्या की!

जनसंपर्क अधिकारी म्हणजे कंपनीचं तोंड. एकतीस वर्षं मी ते तोंड होतो. पण हल्ली दुपारी डोळा लागला, की एकच रस्ता दिसतो. आपल्या बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया गळला, ती दुपार. पांढरा धूर सावकाश रस्त्यावर उतरतोय, दोरीवरचे कपडे एकेक करून त्यात दिसेनासे होतायत, आवाज कसलाच नाही. सगळे बाहेर पळतायत आणि तोंडाला ओला टॉवेल बांधून एकजण आत चाललाय. आमचा व्हॉल्व्ह ऑपरेटर. त्यानंच गळती बंद केली. सगळे वाचले.

संध्याकाळी मी निवेदन लिहिलं : ‘कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गळती.’ व्हॉल्व्ह झिजलाय, अशी त्याची तीन पत्रं माझ्या टेबलावर होती. वाचली होती मी. वरून सांगितलं गेलं, “कंपनी सांभाळा.” सांभाळली. काय सफाईदार वाक्य होतं हो! सगळ्यांनी जसंच्या तसं छापलं.

त्याची नोकरी गेली. गेल्या महिन्यात त्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर म्हणाला, “साहेब, नोकरीचं जाऊ द्या. आमचे बाबा पेपरात आलेलं खोटं मानत नाहीत. अठरा वर्षं झाली, माझ्याशी धड बोलत नाहीत.” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आज ते बापलेक दोघंही आलेत. शेवटच्या रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून बसलेत.

अध्यक्ष महोदय, पाणी घ्या. आत्ता सव्वापाच वाजलेत. माझी निवृत्ती सहाला. तोवर कंपनीचा अधिकृत प्रवक्ता मीच, नाही का? तर पत्रकार मित्र हो, लिहून घ्या. गळती झिजलेल्या व्हॉल्व्हमुळे झाली. ऑपरेटरनं तीनदा लेखी कळवलं होतं. कंपनीला माहीत होतं. त्या पत्रांच्या प्रती मी आणल्या आहेत.

आपण सगळ्यांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर तेही पोटात घाला. त्या एका वाक्याची माफी मात्र तुमच्याकडे मागून भागायचं नाही.

बाबा, ते मी लिहिलं होतं. तुमचा मुलगा खरं सांगत होता.