तेरा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

...अहो, तेच तर म्हणते मी, आकडा एक सांगा ना! तुम्हाला सांगते, वीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभी आहे. पाव किती मिनिटांचा? बावीस! एकविसाला कच्चा, तेविसाला करपला. आणि विमान? तिकीटवाला चष्म्यावरून बघतो, "काकू, अंतर तेरा हजार किलोमीटर, साडेचौदा तास." जावई फोनवर, "नाही हो आई, मधे विमान बदलायचंय, एकोणीस धरा." आणि तिकिटावर छापलंय, बुधवारी सकाळी नऊला निघणार, बुधवारीच संध्याकाळी पाचला पोचणार! मोजा बोटांवर... आठ! चौथीपर्यंतच शिकले, पण वजाबाकी येते हो मला! आकडा एक सांगा!

तिकडे परदेशात लेकीचं सीझर गुरुवारी सकाळी आठला. पहिली खेप, त्यात मुलखाची भित्री, फोनवर नुसती मुसमुसते, "आई, तू दारात दिसलीस तरच मी आत जाईन." मग? छापलेलं खरं मानलं, भट्टीवरचा टायमर आठ तासांवर लावला, पिशवीत टाकला, बसले.

वाजला की मेला समुद्रावर! भट्टीच्या घरघरीत ऐकू यावा म्हणून घेतलेला, अर्धं विमान दचकून उठलं. हवाईसुंदरी धावत, "मॅडम, बॅगेत काय आहे?" म्हटलं, "टायमर आहे, आठ तास झाले, उतरवा!" "मॅडम, अजून दोन तास." "मग पोचले?" "मग साडेतीन तास थांबायचं, मग दुसरं विमान..." अगं बाई, आकडा एक सांग!

शेवटी उतरले तर मनगटावरच्या घड्याळात साडेतीन. म्हणजे गुरुवारची पहाट! आठला साडेचारच तास! मग काय, बॅग छातीशी धरली आणि सुटले, रांगा नाहीत की काही नाही, टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर बसून दवाखाना गाठला, जिन्यातूनच ओरडले, "थांबा! तिला आत नेऊ नका!"

लेक खाटेवर बसून सफरचंद खातेय! "आई, आज बुधवारच आहे गं. संध्याकाळचे सहा. इथलं घड्याळ साडेदहा तास मागे."

मागे! एवढी जिवाच्या आकांतानं पळाले, ती कालच्याच दिवसात येऊन पडले! बरं, आता तरी दार सोडायचं नाही म्हटलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडलं. जावई दहादा आला, "आई, घरी चला, जरा पडा." म्हटलं, तूच पड! बसले ताठ, सकाळच्या पावणेआठपर्यंत टक्क जागी...

डोळे उघडले ते नर्सनं मांडीवर गाठोडं ठेवलं तेव्हा. लालबुंद, मुठी आवळलेली... नात! स्ट्रेचर माझ्या गुडघ्याला घासून गेलं म्हणे, लेकीनं हाका मारल्या, जावयानं गदागदा हलवलं, मी आपली घोरतेय!

लेक अजून हसते. "आई, तू दारात दिसलीस हो! पण झोपलीस किती तास?"

म्हटलं, आकडा विचारू नकोस.