निवडून टाकलेल्या पेशी

सन्माननीय अध्यक्ष महादेवराव, व्यासपीठावरचे पाहुणे आणि चौलच्या वाड्यावाड्यांतून आलेल्या माझ्या बायाबापड्यांनो,

महादेवराव, हा क्षिप्राचा निरोप समारंभ आहे, एवढं तरी आठवतंय ना? मघाशी तुम्ही तिला लग्नाच्या शुभेच्छा दिल्यात! असो. मला अक्षरओळख नाही. मी सांगितलं ते धाकट्या नातीने, आश्लेषाने, लिहून घेतलं, तीच वाचत्येय. काही गाळत नाही ना, हे मी खुर्चीतून बघत्येय.

फार बोलायचं त्राण नाही. माझी थोरली नात क्षिप्रा उद्या बंगळूरला चालली. नवी मुंबईच्या प्रयोगशाळेत तिचं काम काय होतं? रक्तातल्या लढाऊ पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना लस दाखवायची आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बशीतच करवून घ्यायची. म्हाताऱ्यांना लस नीट का लागत नाही, ते त्यातून कळायचं. आणि म्हातारी कोण? घरचीच! दोन वर्षं दर महिन्याला माझं रक्त तिकडे जातंय.

एकदा क्षिप्रा येऊन म्हणाली, "आजी, तुझ्या पेशी ढिम्म आहेत गो."

"माझ्याच ना? मग दुपारच्या उठवू नकोस त्यांना."

पोरगी हसली नाही. रडकुंडीला आली होती. दोष माझाही आहे. तांदूळ निवडायला मीच शिकवलं; खडा दिसला की सूप परत निवडायला. तिने पेशीही तशाच निवडल्या. प्रतिपिंडं करणाऱ्या तेवढ्या ठेवल्या, त्यांच्या मदतनीस पेशी टाकून दिल्या. मदतीचं काम बाटलीतल्या औषधावर भागेल, असं वाटलं तिला. भागलं नाही. सगळ्या एकत्र ठेवल्या, तेव्हा कुठे थोडी प्रतिपिंडं दिसली. तीही रक्त देणाऱ्या दुसऱ्यांच्या बशीत. माझ्या बशीत अजून काही नाही.

गेल्या महिन्यात शीर सापडेना, चार वेळा टोचलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या अनीशला मी सांगून टाकलं, "पुरे रे बाबा. नातीसाठी देत होते, नात चालली."

तो म्हणाला, "आजी, तुम्ही थांबलात तर दोन वर्षांचं काम अर्ध्यावर राहील."

क्षिप्राने मात्र एका शब्दाने गळ घातली नाही. माझ्या काळ्यानिळ्या हाताला खोबरेल लावत बसली. आता यावर नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा?

मंडळाचे, पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. दमलेल्या जिभेवरून काही वाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आणि अनीश, मागच्या रांगेत लपू नकोस. गुरुवारी रक्त न्यायला माणूस पाठव. डाव्या हाताचं घ्या म्हणावं. त्याच्याबरोबर ती टणक बिस्किटं पाठवू नकोस, दात उरले नाहीत. मऊ पाव पाठव, मस्का लावून.