एका बाकावर एकच

बस सिग्नलला थांबली आणि रात्रपाळी करून निघालेल्या नर्सबाईंची डुलकी मोडली. पुढच्या सीटवरची मुलगी शेजारी बसलेल्या मावशीवर असा आवाज चढवत होती, जणू सगळा गुन्हा मावशीनंच केला होता.

"विद्यापीठानं बाग केलीय. मुलांचं मन हलकं व्हावं म्हणून!"

"मग चांगलंच आहे की."

"डोंबलाचं चांगलं! आधी तिथे झाडाभोवती गोल कट्टा होता. आम्ही सगळ्या दाटीवाटीनं बसायचो. तो फोडला आणि एकेकट्यानं बसायचे बाक टाकले. एक या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला."

"ते का?"

"घोळका जमला की गोंगाट होतो म्हणे. मन एकांतात शांत होतं."

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

"विद्यापीठाच्या बाग समितीच्या. आणि स्वतः मात्र एका टेबलाभोवती खुर्च्या चिकटवून चहा ढोसतात! काल माझी रूममेट तिथे रडत बसली होती. मी जाऊन तिच्या पायाशी गवतावर बसले, तर वॉचमननं शिट्टी फुंकली."

"अगं, मग उभं राहायचंस तिच्याजवळ."

"तेही चालेना. 'आपापल्या बाकावर बसा,' म्हणाला."

"मेल्याला काही काळीज आहे की नाही? मग काय केलंस?"

"काय करणार? पलीकडच्या बाकावर बसले आणि तिथून ओरडून विचारलं, 'काय झालं गं?'"

"मग?"

"सगळी बाग तिच्याकडे बघायला लागली. तिनं घाईघाईनं डोळे पुसले आणि तिथूनच ओरडली, 'काही नाही!'"