वीस जानेवारीचा नंबर

हॅलो? … हां श्रेया, बोल बाई. … नाय गं, झोपेतून कशाची उठवतीस, सातलाच चीक शिजवून मोकळी झाले. गच्चीवर आहे. कुरडया घालायलोत. … मी अन् शेजारच्या मालनबाई. … व्हय, तुझ्या वाटच्या बी घालायलोत, फिकीर नको करू. येणारा-जाणारा कोणी असंल त्याच्यासंगं पाठवते.

थांब, मालनबाई काहीतरी विचारायल्यात. एक मिनिट हं.

(फोनवर तळवा दाबून) मालनबाई, बहिणीचा फोन आहे, ऑस्ट्रेलियातून. तुम्ही मधी तिच्या पोटाच्या कॅन्सरचं काही बोलू नका बरं का. … नाय ओ, आम्ही कुठं सांगितलंय तिला. जानेवारीत तिकडं तपासणी झाली असंल, तवाच कळलं असंल तिचं तिला. पण ती सांगत नाय अन् मी विचारत नाय. … दाबा तुम्ही सोऱ्या, चीक गार होईल.

हां, बोल. … काय नाय, मीठ कमी आहे का विचारत होत्या. … तिकडं किती वाजले? … दीड. म्हणजे जेवणाची सुट्टी. जेवलीस? … कॉफीनं पोट भरतं का गं? … बरं बाई, नाय बोलत. तुझं सांग.

आजच आहे का ती मीटिंग? … तीन वाजता. मंत्री येणार? … मंत्र्याचे सल्लागार, तेच ते. अन् तू उभी राहून दहा देशांचे दवाखाने सांगणार त्यांना. … सांग की मग. नेहमी माझ्यावरच तर पाठ करतीस. दहावीचा इतिहास बी मीच ऐकलाय सगळा, भाकरी थापता थापता. … ताईला समजलं की सगळ्यांना समजतं. व्हय, व्हय, लई शहाणी.

पहिला कोण? … तुमचाच ऑस्ट्रेलिया? तुम्हीच पेपर काढणार अन् तुम्हीच तपासणार. … बरं, हसत नाय. … अमेरिका शेवटी? एवढं सगळं ओतून? … हां… हां… म्हणजे दवाखाना भारी, पण दारातून आत जाता आलं पाहिजे. हे तर इथल्यासारखंच झालं की. … इंग्लंड? … सगळ्यांना सारखं, पण थांबावं लागतं. … जर्मनीत? … नंबर लवकर, पण ह्या डॉक्टरचं त्या डॉक्टरला काही कळत नाय. … समजलं गं, मी काय अडाणी आहे का. पुढं? … ते राहू दे, मला तो देश कुठं आहे तेच माहीत नाय.

अन् तुमचं कुठं दुखतं मग? … रांग. … तपासणीच्या रांगेत तुम्ही खाली घसरलात. … आठवतंय की. तुझंच पोट दुखत होतं अन् तुलाच तिकडं कॅमेऱ्याच्या तपासणीला सहा महिने थांबा म्हणाले होते. म्हणून तर दादाच्या मोनिकाच्या लग्नाला आलीस तवा दादानं इथं करून घेतली. सकाळी नाव लावलं, दुपारी कॅमेरा पोटात. … हे सांग त्या सल्लागारांना. संभाजीनगरला या म्हणावं.

अजून एक रकाना? … कसला? … "पेशंटला त्याच्या आजाराचं…" हां… "डॉक्टरनं स्वतः नीट सांगितलं का."

… नाय, आहे मी. ऐकतेय. … इथं? इथं काय होतं म्हणजे? … इथं घरच्यांना सांगतात. … हसू नको श्रेया.

तब्येत कशी आहे तुझी? … नाय, सहज. परवा व्हिडिओत तोंड लई उतरलेलं दिसलं. … किती? सात किलो? आपोआप? … त्यात खूश काय व्हायचं गं. लग्नात शिवलेलं ब्लाउज अंगावर लोंबतंय, हे काय कौतुक आहे का. … दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं? कवापासून? … कामाचा ताण. बरं. कामाचा ताण.

अन्… तुझा तो नंबर होता ना. तिकडचा. वीस जानेवारीचा, कॅमेऱ्याचा. … काय निघालं त्यात? … सांग ना. मी कोणाला सांगणार नाय, आईला बी नाय. … म्हणजे काय, गेलीच नाहीस?

… रद्द केला. … तू? स्वतः फोन करून? … कवा? … डिसेंबरात. रिपोर्टचं सांगायला आमचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

अगं पण का? … "संभाजीनगरचा रिपोर्ट नॉर्मल आला." हां. … "माझ्यामागं कोणीतरी पाच-सहा महिने थांबलंय, दुखत असताना थांबलंय, त्याला माझी जागा मिळावी." … व्हय गं. तू तशीच आहेस. लहानपणापासून तशीच आहेस.

मालनबाई, राहू द्या आता. … राहू द्या म्हणते ना. होऊ द्या गार. तुम्ही खाली जा, आईजवळ बसा जरा. अन् जाताना दार ओढून घ्या.

श्रेया, तू कुठं आहेस? … ऑफिसात म्हणजे, लोक आहेत का आसपास? … बाहेर ये. … ये तू बाहेर, मी थांबते. … नाय, आईला काही नाय झालं. आई खाली पोळ्या करतीय. दादा बी बरा आहे. तुझे दाजी वाळूजला गेलेत, फर्स्ट शिफ्ट आहे त्यांची. सगळे धडधाकट आहेत. … बाकडं आहे का तिथं? बस त्याच्यावर. … बसलीस?

ऐक. मधी बोलू नको, नायतर माझ्यानं व्हायचं नाय. … तो रिपोर्ट नॉर्मल नव्हता.

पोटातला तुकडा काढला होता ना तपासायला. तू आठ डिसेंबरला विमानात बसलीस अन् दहाला तो आला. दादा आणायला गेला. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं, दार लावायला सांगितलं. … कॅन्सर आहे म्हणाले. पोटाचा.

… श्रेया? … आहेस का?

… व्हय. खरं बोलतेय. … नाय, दुसऱ्याचा नाय, तुझंच नाव आहे. दादानं अजून एका ठिकाणी दाखवला, त्यांनी बी तेच सांगितलं. … डॉक्टर म्हणाले, पेशंटला सांगायचं का नाय ते तुम्ही घरच्यांनी ठरवा. … आम्ही ठरवलं. माझ्याच घरी बसलो होतो. दादा, वहिनी, मी अन् तुझे दाजी.

… का म्हणजे? तू तिथं एकटी. फोनवर हे ऐकून कोसळलीस तर पाणी द्यायला कोणी नाय. … अन् तुझा नंबर होता ना वीस जानेवारीला. दादा म्हणाला, एवढा पुढारलेला देश, श्रेया स्वतः त्याच कामात. तिथले डॉक्टर कॅमेरा घातल्याबरोबर ओळखतील, तिथंच इलाज सुरू होईल. आपण कशाला आपल्या तोंडानं सांगायचं. चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणाला.

… हो, हो… अगं ऐक ना… जानेवारी गेला अन् तू काहीच बोलली नाहीस. आम्हाला वाटलं, तुला कळलंय अन् तू आमच्यापासून लपवतीस. मी म्हटलं, आपल्यासारखंच करतीय, आईला घोर नको म्हणून. … विचारायला पाहिजे होतं. व्हय. … कितीदा तोंडाशी आलं. मग तू दुसरंच काही बोलायचीस अन् मला बरं वाटायचं, की आज बी नाय विचारावं लागलं.

… व्हय. … व्हय, तुझं पोट होतं. रिपोर्ट बी तुझाच होता. … बोल तू. बोल मला, मी ऐकते.

… दोनदा मागितला होतास, आठवतंय. दादा म्हणाला फाइल ऑफिसात राहिली. … खोटं होतं ते. … माझ्याकडं आहे. फोटो आहे फोनमधी. … ह्याच फोनमधी. रोज ह्याच फोनवरून तुझ्याशी बोलत होते मी, कैरीचं लोणचं अन् मोनिकाचं सासर. … पाठवते. आत्ता पाठवते. थांब, बोटं चिकट झालीत, लागंना… गेला.

निळ्या खुणा आल्या. वाचतीस का?

…

श्रेया, मोठ्यानं वाच ना. मला त्यातलं काही कळत नाय. मला एवढंच माहीत आहे, खालून तिसऱ्या ओळीखाली डॉक्टरनं पेनानं रेघ मारलीय. … नको, बरोबर आहे. नको वाचू.

… तारीख दहाचीच आहे, वर बघ, कोपऱ्यात. आज अठरा मार्च. … तूच मोज. … अठ्ठ्याण्णव. … आजार कळल्यापासून इलाज सुरू होईपर्यंत किती दिवस, असा बी रकाना आहे का तुझ्याकडं? … अन् त्यात कोणाचे आहेत एवढे? … शेवटच्याचे बी नाय.

बरं, आता ऐक. इकडं ये. उद्या निघ. दादा विमानतळावरून थेट दवाखान्यात नेईल. … मग तिथं काय करणार? तिथं परत सहा महिन्यांच्या रांगेत उभं करतील ना. … काय? … नाय करत?

हा कागद असला की नाय? … थांब, मला समजंल असं सांग. … ज्याला काय झालंय तेच माहीत नाय, त्याच्यासाठी ती रांग. … अन् ज्याच्या हातात असा कागद आहे त्याला पुढं घेतात. … किती दिवसांत? … महिन्याच्या आत.

… म्हणजे दहा डिसेंबरला मी तुला हा फोटो पाठवला असता, तर…

नको. नको सांगू पुढचं. समजलं मला. … रडत नाय. … रडतेय, व्हय. तू रडत नाहीस, अन् मीच रडतेय.

आता जमंल ना गं? पसरला नसंल ना? … "माहीत नाय." … बरोबर आहे. पोटात बघितल्याशिवाय कोण सांगणार.

… कोणाकोणाला माहीत आहे? … दादा, वहिनी. मी, तुझे दाजी. मोनिकाला, तिनं वहिनीचं बोलणं ऐकलं. … मालनबाईंना. … व्हय, शेजारच्या मालनबाईंना माहीत आहे अन् तुला नाय. … तू म्हणशील ते खरं.

मीटिंगला? अशी जाणार? … अगं बाई, जाऊ दे ते दहा देश. … बरं, आधी डॉक्टरला फोन, मग मीटिंग. पण फोन आधी. दादाला नंतर शिव्या घाल, मला घाल, आधी तो फोन लाव. … मी येते तिकडं. पासपोर्ट आहे माझा. … काढला जानेवारीत. म्हटलं, तिचं ऑपरेशन ठरलं की जायचं. दोन स्वेटर बी आणून ठेवलेत. सगळी तयारी केली होती गं, तेवढं तुला सांगायचं राहिलं.

थांब… जिन्यात पाय वाजायलेत. आई वर यायलीय. … नाय, तिला माहीत नाय. आईला कोणीच सांगितलं नाय. पण आता मी लपवत नाय श्रेया. आजच सांगते तिला, बसवून… काय?

… नको?

… तिचं बीपी. हां. … अगं, पण आत्ताच तू मला… एवढं सगळं बोललीस त्याच्यावर… मग तिनं बी उद्या हेच विचारलं तर? … "इलाज सुरू होऊ दे, मग बघू."

… दादा बी हेच म्हणाला होता. अगदी ह्याच शब्दांत.

… नको, रडू नको. आता रडू नको, आई दारात आहे. … बरं. … बरं, नाय सांगत. तुझ्या गळ्याची शपथ कशाला, नाय सांगत म्हणते ना. … लाव तू डॉक्टरला. ठेवते.

… श्रेयाचा होता आई. … मोठी मीटिंग आहे तिची आज, म्हणून घाईत ठेवला. … डोळ्याला? ऊन लागलं असंल. तू सावलीत बस. … चीक गार झाला सगळा, आता कसल्या कुरडया. … नाय, मजेत आहे. … व्हय, विचारलं मी. पोटभर जेवली म्हणाली.