सात वेळा नाही!

नाही हो, मी कशाला सात वेळा नाही म्हणेन? एकदा तरी म्हणाले असते तर गोष्ट वेगळी! पण छापलंय ना ह्यांच्या पुस्तकात, पान एक्केचाळीस, ठळक अक्षरांत : "माझ्या पत्नीने मला सात वेळा नकार दिला. मी खचलो नाही!" आणि खाली माझा फोटो. म्हणजे पुराव्यासकट!

तुम्हाला सांगते, मी मुळात कमी बोलणारी. लग्नाला पाचच महिने झालेत, अजून सासरी आमटीत मीठ कमी पडलं तरी निमूट गिळते. पण सातदा?

आमचे हे आधी दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचे. तीन वर्षांत दोन खपले, त्यातला एक सासूबाईंनी घेतला. आता तेच अपयश माईकवर सांगतात तर लोक तिकीट काढून येतात! तर त्या विक्रीच्या दिवसांत हे माझ्या माहेरी यंत्र दाखवायला आले. ही माणसं धूळसुद्धा स्वतःच आणतात बरं का, पिशवीत भरून! बाबा "नको, नको" म्हणेपर्यंत ह्यांनी मूठभर गालिच्यावर पसरली, ऐटीत बटण दाबलं... यंत्र ढिम्म! पुन्हा दाबलं. ढिम्म! बाबांचा चेहरा बघण्यासारखा आणि ह्यांचा बघवेना. मी झाडू आणला, धूळ गोळा केली आणि ह्यांच्याच पिशवीत भरून दिली. तर हे खाली मान घालून म्हणतात, "तुमचा झाडू चांगला आहे."

विकायला आलेला माणूस आणि खरं बोलला! झालं, तिथंच माझा निकाल लागला. आठवड्याने हे विसरलेली नळी न्यायला आले, तेव्हा दारातच ती हातात देत मी विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?" नळी पडली हो हातातून! आणि सातदा म्हणे!

जाब विचारला तर म्हणतात, "अगं, लोकांना नकार लागतो. झाडूतून काय प्रेरणा घेणार?" सासूबाईंचं तिसरंच, "पुस्तक खपतंय ना? मग सात काय नि सतरा काय!" काय म्हणजे? मी काय गळ्यात मारलेलं यंत्र आहे? पसंत मी केलंय ह्यांना! उभ्या जन्मात एकच धाडस केलं, तेही ह्यांच्या नावावर?

गेल्या रविवारी सभागृहात मी पहिल्या रांगेत. ह्यांनी "सात वेळा!" म्हणायचं आणि मी उठून हसतमुखाने हात हलवायचा, असं ठरलेलं. उठले. म्हटलं, "साफ खोटं! एकदाही नाही म्हटलेलं नाही. मीच विचारलं होतं ह्यांना!"

ह्यांचा चेहरा तोच, गालिच्यावरचा... क्षणभर वाटलं, आता बोलतील खरं. आणि हे माईक सावरून म्हणतात, "मंडळी, हा आठवा नकार! मी खचलो का?"

टाळ्या! अहो, लोक उभे राहिले! शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले आणि माझाच हात दाबून म्हणाल्या, "आता तरी हो म्हण गं!"

पण मीही हटणारी नाही. पुढच्या रविवारी उठणार, त्याच्या पुढच्याही उठणार, एकेका गावाला खरं सांगणार! फक्त काल संयोजकांचा फोन आला, "वहिनी, तुमचं ते उठून ओरडणं चहाच्या आधी ठेवू की नंतर?"

...म्हटलं, आधीच ठेवा. घसा कोरडा पडतो.