बुरशीचे दाणे

दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं शिंपीणबाईंनी काही मुद्दाम ऐकलं नाही. कान उघडेच होते, त्याला त्या तरी काय करणार?

“आई, यकृत सुजलंय तुमचं. डॉक्टर विचारतील, खाता काय?”

“सांग, घरचं साधं.”

“सांगते ना! बुरशी आलेले शेंगदाणे, धुऊन, भाजून, रोज मूठभर.”

“भाजल्यावर बुरशी मरते.”

“ती मरते हो, तिचं विष तसंच राहतं.”

“तुम्हा पोरांना दिले का कधी? चांगले निवडून तुम्हाला, काळे मला.”

“केवढे उपकार! सगळे काळे दाणे सकाळीच फेकले मी.”

“मग मी काय खायचं?”

“चांगले.”

“नवेकोरे? मी?”

“हो, तुम्हीच.”

“बरं बाई. ठेव डब्यात. जरा जुने झाले की खाईन.”